मद्यपान करून वाहन चालवणे : पहिल्या गुन्ह्याची शिक्षा (भारत)

दारू पिऊन किंवा अमली पदार्थाच्या अंमलाखाली मोटार वाहन चालवणे हा भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ खाली गुन्हा आहे. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क चाचणीत आढळला की गुन्हा पूर्ण होतो. अपघात झालेला असण्याची किंवा गाडी वेडीवाकडी चालल्याचे दाखवण्याची गरज नसते. चालवण्याचा प्रयत्नही त्यातच मोडतो, आणि स्कूटरस्वाराला ट्रकचालकापेक्षा वेगळा नियम नाही. अमली पदार्थांना मात्र अशी मोजपट्टी नाही. तिथे वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल होता, हे सिद्ध करावे लागते.

पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पुढच्या प्रत्येक वेळी कैदेची मर्यादा दोन वर्षांवर आणि दंड १५,००० रुपयांवर जातो. कायदा केंद्राचा असल्यामुळे मुंबईत, पणजीत किंवा इंदूरमध्ये पकडले गेले तरी कलम हेच.

मूळ कायदा याहून कडक होता. १९८८ च्या मजकुरानुसार रक्तात मद्यार्क कितीही अल्प प्रमाणात असला तरी गुन्हा ठरत असे. ३० मिलिग्रॅमची मर्यादा १९९४ च्या दुरुस्तीने आली. तरीही ती जगातल्या कमी मर्यादांपैकी आहे. इंग्लंडमध्ये हाच आकडा ८० आहे. शिक्षेचा पैशांचा भाग मात्र वर्षानुवर्षे नगण्य राहिला. १ सप्टेंबर २०१९ पर्यंत पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त २,००० रुपये दंड होता. त्या दिवशी अमलात आलेल्या दुरुस्तीने तो पाचपट केला आणि रक्कम ठरावीक करून टाकली.

याच दुरुस्तीत आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. पूर्वी आधीच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत पुन्हा पकडले गेले तरच तो ‘दुसरा’ गुन्हा मानला जाई. ही तीन वर्षांची अट काढून टाकली गेली. आज पहिल्यांदा दोषी ठरलेला माणूस पंधरा वर्षांनी पुन्हा सापडला, तरी तो दुसऱ्या वेळच्या शिक्षेला पात्र असतो. पंचविशीत मुकाट्याने भरून टाकलेला दंड त्यामुळे आयुष्यभर हिशेबात राहतो.

दंडाच्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. खरा फटका लायसन्सला बसतो. कलम २० नुसार कलम १८५ खाली दोषी ठरवणाऱ्या न्यायालयाने त्या व्यक्तीला वाहन चालवण्यास अपात्र ठरवलेच पाहिजे, आणि ही अपात्रता किमान सहा महिन्यांची हवी. पहिला गुन्हा म्हणून त्यात सूट नाही. त्याआधीच पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवू शकतात, आणि तिथे म्हणणे ऐकून घेऊन तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवता येते. हे दोन मार्ग वेगवेगळे आहेत. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली नवा गुन्हा होतो. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. मोटारीने कचेरीत जाणाऱ्याला सहा महिने बसने किंवा लोकलने जाता येते. रिक्षा, टॅक्सी किंवा टेम्पो चालवणाऱ्याच्या घरात मात्र तेवढे महिने कमाई येत नाही. कागदावर समान असलेली ही शिक्षा प्रत्यक्षात फार असमान आहे, आणि रस्त्यावर इतरांचा जीव ज्याच्या हाती दिवसभर असतो त्याच्यावरच ती सर्वांत जड पडते.

सिग्नल तोडणे, हेल्मेट नसणे अशा नियमभंगांचे तडजोड शुल्क जागेवर किंवा ई-चलनाने भरून सुटता येते. कलम १८५ त्या यादीत नाही. नाकाबंदीत पकडलेल्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहावेच लागते. ‘जागेवर मिटवून टाकू’ म्हणणारा कोणीही, गणवेशातला असो वा नसो, कायद्याने असे काही मिटवू शकत नाही. गुन्हा जामीनपात्र आहे.

पोलिसांवरही बंधने आहेत. वाजवी संशय आला तर गणवेशातील अधिकारी ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायला सांगू शकतो आणि वॉरंटशिवाय अटक करू शकतो. पण अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्या व्यक्तीला कोठडीतून सोडावे लागते. स्त्रीच्या रक्ताचा नमुना स्त्री डॉक्टरने किंवा दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीतच घ्यायचा असतो. फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार देणे ही सुटकेची वाट नव्हे. सबळ कारण नसेल तर कलम २०५ नुसार तो नकार विरोधातला पूरक पुरावा धरता येतो.

इतका तपशील का, याचे उत्तर पुराव्याच्या स्वरूपात आहे. तोंडाला वास, अडखळती चाल आणि विसंगत बोलणे एवढ्यावरून दारू प्यायल्याचे सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बचूभाई कर्यानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७१ मध्ये म्हटले. रक्त किंवा लघवीची तपासणी झालेली नव्हती. विम्याच्या वादात मात्र चाचणीचा कागद नसला तरी कंपनीची सुटका होऊ शकते. इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या २०२१ च्या निकालात न्यायालयाने परिस्थितीजन्य पुराव्यावरून गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारणे योग्य ठरवले. दोषसिद्धीच्या कितीतरी आधी पहिला आर्थिक तडाखा इथूनच बसू शकतो.

शिक्षा फक्त चालकाला होते असेही नाही. कलम १८८ नुसार या गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. मित्र झिंगलेला आहे हे दिसत असताना त्याच्या हाती किल्ली देणारा मालक त्यात येऊ शकतो.

वरील सर्व शिक्षा कोणाला इजा झालेली नसतानाच्या आहेत. माणूस दगावला की भारतीय न्याय संहिता लागू होते, आणि चालकाचा पहिलाच गुन्हा आहे याला तिथे फारसा अर्थ उरत नाही. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे वांद्र्याच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढली. सात जण मरण पावले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्क सापडला होता. कनिष्ठ न्यायालयाने हे निष्काळजीपणाचे कृत्य मानून सहा महिने कैद दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ते सदोष मनुष्यवध ठरवून शिक्षा तीन वर्षांवर नेली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. नव्या संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत, तर परिणामांची जाणीव असूनही कृत्य केल्यास कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे.