न्हाणीचा कोपरा

कागलच्या घरी बाथरूम नवं करायचं चाललंय. कोपऱ्यात सरकत्या दारांचं, काचेचं शॉवर एन्क्लोजर बसवावं असं माझं म्हणणं. आईचा सवाल एकच, "बादली कुठं ठेवायची?" हसू नका, प्रश्नाला इतिहास आहे!

आपल्याकडची न्हाणी पहिल्यापासून कोपऱ्यातलीच. बसायला दगड, शेजारी तांब्याचा बंब, घंगाळात विसण घातलेलं पाणी, आणि सांडपाणी थेट परसातल्या अळूला. ओलं आणि कोरडं वेगळं ठेवणं हे आजच्या कॅटलॉगवाल्यांचं डोकं नव्हे.

पण पाण्याभोवती आपण फक्त दगडाच्या भिंती घातल्या नाहीत. कागलच्या घाटगे घराण्यात १८७४ साली जन्मलेले शाहू महाराज पुढे कोल्हापूरचे छत्रपती झाले. १८९९ मध्ये पंचगंगेवर त्यांच्या स्नानाच्या वेळी भटजींनी वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हटले, आणि वेदोक्त प्रकरण पेटलं. म्हणजे राजाची अंघोळसुद्धा जातीतून सुटली नाही. मग बाकीच्यांचं काय? गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून मारहाण झाली. महाराजांनी त्यांना चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथला चहा प्यायले. १९१९ मध्ये हुकूम निघाला: संस्थानातल्या सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा इथं अस्पृश्यता पाळायची नाही.

योगायोग बघा, १८७४ सालीच फ्रान्समध्ये द ला बास्ती यांनी टफन्ड काचेचं पेटंट घेतलं. तापलेली काच ते तेला-चरबीत बुडवत. आता साधारण ६०० अंशांपुढे तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात. पृष्ठभाग दाबाखाली राहतो, आतला भाग ताणाखाली. म्हणून ती फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे न होता बारीक खडे होतात. मात्र एकदा टफन केली की कापता येत नाही. त्यामुळे माप आधी घ्यायचं, तेही फरशी बसल्यावर, भिंतीच्या वर, मध्ये आणि खाली.

आता आईच्या बादलीकडे येऊ. ९०० बाय ९०० मिलिमीटरच्या कोपऱ्यात दोन्ही दारं सरकली तरी प्रत्येक बाजूला ४५० पेक्षा कमीच जागा मोकळी होते. पायथागोरस लावा, तिरकी वाट जेमतेम ६३०, प्रत्यक्षात त्याहून कमी. त्यातून बादली आणि स्टूल घेऊन साठीतल्या माणसानं खालची पट्टी ओलांडायची?

शिवाय बोअरचं पाणी जड असेल तर काचेवर पांढरे डाग आणि रोलरमध्ये क्षार. ते रोज पुसणार कोण? घरकामाला येणाऱ्या मावशी. मग त्याच बाथरूममध्ये त्यांनी हातपाय धुतलेले चालतात का, हे ज्यानं त्यानं आपल्या घरात तपासावं. १९१९ चा हुकूम सार्वजनिक पाणवठ्यांसाठी होता. घरातल्या नळासाठी हुकूम आपणच काढायचा असतो.

असो. माझा कौल ठरला: सरकती दारं हवीतच, कारण उघडणाऱ्या दाराला आमच्याकडे जागा नाही. पण बाजू हजाराची, खालची पट्टी शक्य तितकी सपाट, धरायला दांडा, आणि आत बादलीसाठी खाली वेगळा नळ. बंब मात्र आई मोडीत देणार नाही म्हणते. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही :)