तिसरा डोळा आणि गहुंज्याची कसोटी

मावळ म्हटले की कार्ले-भाजे लेणी, लोहगड-विसापूर, भाताची खाचरे आणि लोणावळ्याचा पाऊस आठवतो. क्रिकेटच्या इतिहासात मावळ तालुक्याचे नाव यावे असे पूर्वी कोणाला वाटले नसते. परंतु द्रुतगती मार्गालगतच्या गहुंजे गावी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने मोठे मैदान बांधले आणि २०१२ साली त्याचे उद्घाटन झाले. तेथे पहिला कसोटी सामना झाला तो २३ फेब्रुवारी २०१७ पासून, भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात. सामना पाच दिवसांचा, पण तिसऱ्याच दिवशी संपला. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले. स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले. सलग १९ कसोट्यांत न हरलेला भारत ३३३ धावांनी हरला.

खेळपट्टीवर पुष्कळ चर्चा झाली. सामनाधिकाऱ्यांनी तिला 'निकृष्ट' असा शेराही दिला. मला मात्र या सामन्यातली दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. दुसऱ्या डावात भारतापुढे ४४१ धावांचे लक्ष्य होते. सलामीला आलेले मुरली विजय आणि के. एल. राहुल दोघेही पायचीत झाले, दोघांनीही पंचांच्या निर्णयावर फेरतपासणी, म्हणजे रिव्ह्यू मागितला आणि दोन्ही रिव्ह्यू वाया गेले. त्या वेळच्या नियमाप्रमाणे ८० षटकांत दोनच फसलेल्या रिव्ह्यूंची मुभा होती. म्हणजे डाव जेमतेम सुरू होतो तोच शिल्लक शून्य! पुढे पुजारा, अश्विन आणि साहा हेही पायचीत झाले. ते खरोखर बाद होते की नव्हते हा प्रश्न येथे नाही. विचारण्याचा हक्कच त्यांच्याकडे उरला नव्हता, एवढे लक्षात घ्यावे.

खेळाडूच्या हाती एखादे बाहेरचे साधन दिले तर त्याने त्यावर किती विसंबावे? हा प्रश्न आपल्या वर्गातल्या मुलांना क्रिकेटपेक्षा संगणकावरच्या खेळांतून अधिक परिचयाचा असतो. इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळण्याच्या खेळांना खेळाडू 'अ‍ॅडऑन' नावाचे छोटे प्रोग्रॅम जोडतात. २००४ साली आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात ते फार फोफावले. कोणी शत्रूच्या पुढच्या हल्ल्याची वेळ मोजून दाखवी. कोणी त्याच्याही पुढे जाऊन कोणत्या जोडीदाराला बाधा झाली आहे हे स्वतःच हेरी आणि एकच कळ दाबली की उपचारही करून टाकी. २००६ च्या डिसेंबरात खेळाच्या निर्मात्यांनी यांतला दुसरा प्रकार बंद केला. प्रोग्रॅमने माहिती दाखवावी, पण कोणावर काय करायचे हे खेळाडूनेच ठरवावे, अशी ती वाटणी होती. ती कायमची मिटली असे मात्र नाही. नुसत्या माहितीनेही खेळ फार सोपा होतो असे वाटून लढाईतल्या अ‍ॅडऑनवर आणखी बंधने घालण्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. क्रिकेटने हीच वाट याआधी चोखाळली होती. तीही अडखळतच.

नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बन येथील कसोटीत सचिन तेंडुलकर धावबाद झाला. दूरदर्शनवरील चित्रे पाहून तिसऱ्या पंचाने बाद दिलेला तो पहिला फलंदाज. तेव्हा फारसा वाद झाला नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. बेल्स उडाल्या तेव्हा बॅट रेषेच्या आत होती की बाहेर, हे घडून गेलेले असते आणि चित्रात दिसते. पायचीतचे तसे नाही. पाय मध्ये आला नसता तर चेंडू यष्ट्यांवर गेला असता काय, असा तो प्रश्न आहे. म्हणजे जे घडलेच नाही त्याबद्दलचा निर्णय! पंच शंभर वर्षे हे भाकीत डोळ्यांनी करीत आले, आणि फलंदाज ते मुकाट्याने मानत आले. नेहमीच नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्नला लिलीच्या चेंडूवर सुनील गावस्करांना पायचीत दिले गेले. चेंडू आधी बॅटला लागला आहे याची त्यांना खात्री होती. रागाच्या भरात ते पुण्याच्या मैदानांवर वाढलेल्या चेतन चौहानलाही बरोबर घेऊन निघाले. संघाच्या व्यवस्थापकांनी चौहानला सीमेवरच थांबवले म्हणून सामना वाचला. दाद मागण्याची सोय नसली की काय होते, त्याचा हा नमुना.

ती सोय पुढे 'हॉक-आय' या यंत्रणेने आणली. २००१ साली लॉर्ड्सच्या कसोटीत ती प्रथम दूरदर्शनवर दिसली. तिच्यामागचे तत्त्व शाळेतल्या भूमितीचेच आहे. मैदानाभोवती वेगवेगळ्या जागी कॅमेरे बसवलेले असतात. एका कॅमेऱ्याला चेंडू कोणत्या दिशेला आहे तेवढे कळते; दोन कॅमेऱ्यांच्या दिशारेषा जेथे मिळतात तेथे चेंडू. अधिक कॅमेरे घेतले की चूक कमी होते. अशी लागोपाठ स्थाने जोडून चेंडूचा मार्ग काढतात आणि पायाला लागल्यानंतरचा मार्ग गणिताने पुढे वाढवतात.

अडचण आहे ती या 'पुढे वाढवण्यात'. वर्गात सहज करून पाहता येईल असा एक हिशेब देतो. त्यातले आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, यंत्रणेचे नव्हेत. समजा, टप्पा पडल्यावर चेंडूचा वेग सेकंदाला २० मीटर आहे आणि कॅमेरा सेकंदाला १०० चित्रे घेतो. दोन चित्रांच्या दरम्यान चेंडू २० सेंटिमीटर पुढे जाईल. पाय टप्प्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर टप्प्यानंतरची तीनच स्थाने हाती लागतील आणि पहिल्या-तिसऱ्यातले अंतर असेल ४० सेंटिमीटर. आता पहिले स्थान अर्धा सेंटिमीटर डावीकडे आणि तिसरे अर्धा सेंटिमीटर उजवीकडे चुकले असे धरू. चाळीस सेंटिमीटरमध्ये एक सेंटिमीटरचा तिरपेपणा आला. यष्ट्या पायापासून दोन मीटर मागे असतील तर तेथे केवळ या तिरपेपणामुळे पाच सेंटिमीटरची चूक होईल! चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर आणि तिन्ही यष्ट्यांची मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर, हे ध्यानात घेतले की पाच सेंटिमीटर म्हणजे काय ते कळते. फळ्यावर तीन ठिपके देऊन मुलांना पट्टीने रेषा वाढवायला सांगावी. प्रत्येकाची रेषा वेगळ्या जागी पोचते. चित्रे अधिक वेगाने घेतली की ठिपके वाढतात आणि चूक झपाट्याने कमी होते, पण ती शून्य होत नाही. फलंदाज जितका पुढे येऊन खेळेल तितकी ती वाढते.

२०११ च्या विश्वचषकात बेंगळुरू येथे इंग्लंडचा इयन बेल याच मुद्द्यावर वाचला. पडद्यावर चेंडू यष्ट्यांवर जाताना दिसत होता, पण तो पायाला लागला ती जागा यष्ट्यांपासून अडीच मीटरहून दूर असल्याने पंचांचा 'नाबाद' निर्णय कायम राहिला. प्रेक्षक चिडले, धोनीनेही उघड नापसंती व्यक्त केली. शास्त्राच्या बाजूने पाहिले तर नियम योग्यच होता. यंत्राचे उत्तर आणि त्या उत्तरातली अनिश्चितता या दोन्ही गोष्टी नियमात होत्या. लोकांना फक्त उत्तर दिसले. 'अंपायर्स कॉल' हीदेखील तीच कल्पना आहे. चेंडूचा मध्य ठरलेल्या क्षेत्रात पडत नसेल तर पुरावा अपुरा समजून पंचांचा मूळ निर्णय राखतात. प्रयोगात पुरावा पुरेसा नसला की आधीचे गृहीतक आपण सोडत नाही, तसेच. ऑक्टोबर २०१६ पासून हे क्षेत्र कडेच्या यष्टीच्या मध्यापर्यंत न ठेवता तिच्या बाहेरच्या कडेपर्यंत वाढवले गेले. गहुंज्याचा सामना या रुंदावलेल्या क्षेत्रावर खेळला गेला, आणि फिरकीपुढे पाय टाकून उभे राहणाऱ्याला ते परवडणारे नव्हते.

मग भारतीय फलंदाज चुकले कोठे? याचे एक उत्तर इतिहासात आहे. खेळाडूने स्वतः रिव्ह्यू मागण्याची पद्धत जुलै २००८ मध्ये प्रथम आजमावली गेली ती भारताच्याच श्रीलंका दौऱ्यात. त्या मालिकेत श्रीलंकेचे ११ रिव्ह्यू यशस्वी झाले, भारताचा एक. त्यानंतर यंत्रणा पुरेशी अचूक नाही असे म्हणून भारतीय मंडळाने ती दोन देशांमधल्या मालिकांत नाकारली. आक्षेपात तथ्य होते, हे वरच्या हिशेबावरून दिसेलच. (गंमत अशी की २०११ च्या विश्वचषकात मोहालीच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकरला पायचीत दिले गेले होते, आणि याच यंत्रणेने त्याला परत बोलावले.) पुढे आंतरराष्ट्रीय परिषदेने अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या अभियंत्यांकडून तपासणी करून घेतली, परिषदेच्या क्रिकेट समितीचे अध्यक्ष तेव्हा अनिल कुंबळे होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये राजकोटला इंग्लंडविरुद्ध भारताने प्रायोगिक म्हणून पद्धत स्वीकारली. गहुंज्याची कसोटी त्यानंतर चारच महिन्यांत झाली. दरम्यान इतर संघांनी काही वर्षे चुका करीत करीत रिव्ह्यू कधी मागू नये हे शिकून घेतले होते. साधन सदोष आहे म्हणून दूर ठेवले, यात गैर काही नाही. पण दूर ठेवलेल्या साधनाचा सराव होत नाही, हा हिशेब कोणी मांडला नाही. सलामीचा फलंदाज रिव्ह्यू मागतो तेव्हा आपण बाद नसावे ही त्याची इच्छा असते, आणि चेंडू कोठे लागला याची जाणीव तिच्याखाली दबते. बरोबरचा फलंदाज सरळ रेषेत पाहत असतो. त्याला विचारण्यास पंधरा सेकंद असतात. हे सवयीने जमते.

पुढच्याच सामन्यात, मार्च २०१७ मध्ये बेंगळुरूला, या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. उमेश यादवच्या चेंडूवर पायचीत दिल्यावर ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्मिथ रिव्ह्यू घ्यावा की नाही हे विचारण्यासाठी थेट ड्रेसिंग रूमकडे पाहू लागला. पंच नायजेल लाँग मध्ये पडले. आत दूरदर्शन संच असतो, आणि मैदानाबाहेरून मदत घेण्यास नियमाने बंदी आहे. आपले डोके क्षणभर चालले नाही, अशा अर्थाची कबुली स्मिथने नंतर दिली. हे काही पहिलेच उदाहरण नव्हते. मे १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये होव येथे भारताविरुद्धच्या विश्वचषक सामन्यात दक्षिण आफ्रिकेचे क्रोनिए आणि डोनाल्ड कानात छोटे यंत्र घालून उतरले होते. प्रशिक्षक बॉब वूल्मर बाहेरून बोलत होते. नियमांत त्याविरुद्ध काहीच लिहिलेले नव्हते. तरीही पेयपानाच्या पहिल्या विश्रांतीत ती यंत्रे काढायला लावली आणि पुढे अशा यंत्रांवर बंदी आली.

माझे मत असे की रिव्ह्यू आणि कानातले यंत्र यांत इलेक्ट्रॉनिक्स किती हा भेद महत्त्वाचा नाही. रिव्ह्यूमध्ये प्रश्न खेळाडू विचारतो, तो चुकला तर किंमतही त्यालाच द्यावी लागते. कानातले यंत्र प्रश्नही विचारते आणि उत्तरही देते. अर्थात सीमारेषा नेहमी इतकी स्वच्छ नसते. डिसेंबर २०२० मध्ये केपटाऊनला इंग्लंडच्या विश्लेषकाने ड्रेसिंग रूममधून आकडे-अक्षरांच्या पाट्या लावून कर्णधाराला सूचना दिल्या, आणि त्या नियमात बसतात असे ठरले. मला ते पटलेले नाही.

फसलेल्या रिव्ह्यूचा नियमही बदलला. सप्टेंबर २०१७ च्या अखेरीपासून उत्तर 'अंपायर्स कॉल' आले तर रिव्ह्यू खर्ची पडत नाही. त्याच वेळी ८० षटकांनंतर मिळणारे नवे रिव्ह्यू बंद झाले. गहुंज्याला पुढे आणखी कसोट्या झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोहलीने तेथे नाबाद २५४ धावा केल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या सँटनर या आणखी एका डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १३ बळी घेतले आणि मायदेशी सलग १८ मालिका जिंकलेला भारत ती मालिका हरला.