शिफ्टचा खटका: अडकलेल्या कळांचा इतिहास

मंडळी, 'कीबोर्डची कळ अडकली' हा विषय दुरुस्तीच्या दुकानातला, तो इतिहासाच्या व्याख्यानात कुठून आला, असं काहींच्या मनात आलं असेल. प्रश्न रास्त आहे. पण संगणकावर 'कळ अडकली' अशी जी तक्रार येते, तिच्यात कळ खरोखर अडकलेली फार कमी वेळा असते. कळ नेमून दिलेलं काम चोख करत असते. ते काम तिला कुणी दिलं, कधी दिलं आणि कुणासाठी दिलं, हे आपल्याला माहीत नसतं, म्हणून आपण कीबोर्ड आपटतो. आणि हा नुसता त्रासाचा मामला नाही. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीत ४० शब्द लागतात. परीक्षेत मिनिटं मोजकी. त्यातलं एखादं मिनिट पडद्यावर आलेल्या चौकटीनं खाल्लं, तर दोन वर्षांचा क्लास आणि नोकरी दोन्ही जातात.

आधी टंकयंत्राकडे जाऊ. तिथं कळ खरंच अडकायची. कळ दाबली की एक काडी उचलली जायची, तिच्या टोकाचं अक्षर रिबनवरून कागदावर आपटायचं आणि काडी परत खाली पडायची. ती परत पडायच्या आत शेजारची उचलली की दोघी एकमेकींत गुंतायच्या. मग बोटानं सोडवा आणि बोटं शाईनं काळी करून घ्या. अमेरिकेत शोल्सचं यंत्र रेमिंग्टननं १८७४ मध्ये बाजारात आणलं, त्यात फक्त मोठी इंग्रजी अक्षरं होती. १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक दोनमध्ये शिफ्ट आली. शिफ्ट म्हणजे सरकवणं, आणि ते शब्दशः खरं होतं: एकाच काडीवर दोन अक्षरं, कळ दाबली की यंत्राचा भाग सरकायचा आणि दुसरं अक्षर कागदासमोर यायचं. सगळा मथळा मोठ्या अक्षरांत हवा असेल तर करंगळी दुखेपर्यंत कोण दाबून धरणार? म्हणून पुढे शिफ्टला खटका आला, दाबला की ती खालीच अडकून राहायची. म्हणजे बघा, मुद्दाम अडकवायची कळ तेव्हापासूनची आहे. आजचा कॅप्स लॉक तिचाच वारस.

(क्वर्टी मांडणी टंकलेखकाला हळू करण्यासाठी केली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला ती फारशी पटत नाही. क्योटोच्या यासुओका दांपत्यानं तारायंत्र चालवणाऱ्यांच्या गरजांकडे बोट दाखवलंय, ते मला जास्त सयुक्तिक वाटतं.)

मराठी टंकयंत्रात शिफ्टवर भार फार मोठा. अक्षरं जास्त, कळा तेवढ्याच. म्हणून अर्धं अक्षर घ्यायचं आणि पुढे काना जोडून ते पूर्ण करायचं, अशी रचना आली. उकार, मात्रा, अनुस्वाराच्या कळा दाबल्या की कॅरेज सरकायचंच नाही, कारण ती खूण त्याच जागी, अक्षराच्या वर किंवा खाली बसायला हवी. नवख्याला वाटायचं यंत्र बिघडलं! गोदरेजनं १९५५ मध्ये देशात टंकयंत्रं बनवायला सुरुवात केली आणि २००९ च्या सुमारास ती थांबवली. आपण पुण्याला जाताना शिरवळ लागतं ना, तिथल्या कारखान्यात टंकयंत्रांच्या जागी रेफ्रिजरेटर आले.

आता टायपिंग क्लासची शिस्त आठवा. कोल्हापुरात, शाहूपुरी-राजारामपुरीच्या बाजूला, दुपारी एखाद्या वरच्या मजल्यावरून ताडताड आवाज यायचा. तिथली पहिली शिकवण काय? नजर मजकुराच्या कागदावर. कळांकडे बघायचं नाही, उमटलेल्या अक्षराकडेही बघायचं नाही. हे परवडायचं, कारण यंत्र बोलायचं. ओळ संपत आली की घंटा, काड्या गुंतल्या की आवाज बदलला, हाताला अडथळा जाणवला. आमच्या पावसाळ्यात काड्या जड झाल्या तर बोटाला आधी कळायचं, मग पेट्रोलात बुडवलेला ब्रश फिरवायचा. बिघाड कानाला आणि बोटाला कळत होता. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

संगणकात काडी नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीचा कीबोर्ड प्रत्येक कळीसाठी दोन आकडे पाठवायचा: दाबली की एक, सोडली की त्यातच १२८ मिळवून दुसरा. आकड्यांची पद्धत पुढे बदलली, पण दाबल्याची खूण वेगळी आणि सोडल्याची वेगळी, हे तत्त्व टिकलं. आता समजा सोडल्याची खूण वाटेतच हरवली. दूरच्या संगणकाची खिडकी उघडून काम करताना हे हमखास होतं: कंट्रोल दाबल्याचं त्या संगणकाला कळलं, सोडलं तेव्हा तुम्ही दुसऱ्या खिडकीत होता. त्याच्या लेखी कंट्रोल अजून दाबलेलाच. मग 'एस' लिहायला जाल तर फाईल सेव्ह होते, 'पी' लिहायला जाल तर छपाईची चौकट येते. उपाय अगदी साधा. शिफ्ट, कंट्रोल, आल्ट आणि विंडोजची कळ, डावी-उजवी दोन्हीकडची, एकेकदा दाबून सोडा. तरी फरक नसेल तर पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. त्यात एखादी कळ आपोआप दाबलेली दिसली तर दुसरा कीबोर्ड लावून बघा. तेव्हा ठीक चाललं तर दोष वस्तूतच आहे, आणि आपल्याकडे तो बहुतेक साखरेच्या चहाचा असतो.

लॉक नावाच्या कळांची गंमत वेगळी. स्क्रोल लॉक १९८१ पासून बसून आहे. एक्सेलमध्ये ती चालू असली की बाणाच्या कळांनी चौकट हलत नाही, सगळा तक्ताच सरकतो. बाकी जगानं तिला निरुपयोगी ठरवलं, पण मराठी कचेऱ्यांत तिला नोकरी मिळाली. सीडॅकचं आयएसएम, पुण्याचं श्रीलिपी अशा सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीतून मराठीत जायला बहुधा हीच कळ असायची. युनिकोड आला, पण बोटाची सवय गेली नाही. मराठी लिहायचं म्हणून जुना माणूस ती कळ दाबतो, मराठी येत नाहीच, आणि वर एक्सेल वेड्यासारखं वागायला लागतं.

आता सगळ्यात जास्त शिव्या खाणारी चौकट. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज चालू करू का?' असं विचारणारी. तिच्यामागे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचं ट्रेस सेंटर आणि तिथले ग्रेग व्हँडरहायडन आहेत. ज्याला एकाच बोटानं किंवा तोंडातल्या काडीनं टाईप करावं लागतं, तो शिफ्ट धरून दुसरी कळ कशी दाबणार? त्याच्यासाठी शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापुरती लागू राहते. लागोपाठ दोनदा दाबली तर अडकूनच राहते. टंकयंत्रावरचा खटकाच तो, वेगळ्या गरजेपोटी परत आलेला. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात या सोयी मॅकिंटॉशवर आल्या आणि विंडोज ९५ पासून विंडोजच्या पोटात. पाच वेळा दाबायची युक्ती का? कारण सोय चालू करायला आधी दोन कळा एकत्र दाबाव्या लागल्या, तर ज्याच्यासाठी ती केली तोच दाराबाहेर राहील.

तुम्ही म्हणाल, टाईप करताना पाच वेळा नुसती शिफ्ट कोण दाबतं? खरंय, मध्ये दुसरी कळ आली की मोजणी तुटते. ती चौकट येते माणूस अडखळल्यावर. आणि मराठीत अडखळायला जागा भरपूर. सरकारनं १९८६ मध्ये प्रमाण ठरवलेल्या इन्स्क्रिप्टमध्ये 'क' आणि 'ख' एकाच कळीवर, 'ग'-'घ' एकाच, 'त'-'थ' एकाच. शिफ्टवर बोट ठेवून माणूस विचार करतो, बोट आपोआप टकटक करतं. चौकट उघडते. पण नजर कुठे? क्लासात शिकवल्याप्रमाणे कागदावर! पुढचा स्पेस किंवा एंटर म्हणजे त्या चौकटीला 'हो'. मग शिफ्ट दोनदा टेकली गेली की 'कमल' लिहिल्यावर 'खणळ' उमटतं. शिफ्ट आणि अक्षर एकत्र दाबलं की विंडोज सहसा हा प्रकार आपोआप बंद करतं, एवढं बरं. टंकयंत्र बोटाला सांगायचं, संगणक फक्त डोळ्याला सांगतो, आणि आपण डोळे दुसरीकडे ठेवायला शिकलो.

याहून वाईट फिल्टर कीज. उजवी शिफ्ट आठ सेकंद धरली की तिची चौकट येते. ही सोय हात थरथरणाऱ्यांसाठी आहे, घाईनं झालेले स्पर्श ती सोडून देते. चालू झाली की कळ क्षणभर दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नाही. वेगानं टाईप करणाऱ्याला कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो, आणि जितका वेग जास्त तितका तो जास्त मेलेला. उजवी शिफ्ट पुन्हा आठ सेकंद धरा, सुटेल.

मग हे सगळं बंदच करून टाकावं का? घरच्या संगणकावर खुशाल करा. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, तिथे कीबोर्ड, तिथे या कळयुक्त्या बंद करता येतात. परीक्षा केंद्रावर किंवा वाचनालयात सरसकट बंद करायला माझा विरोध आहे. तिथं उद्या एका हाताचा उमेदवार बसणार असतो, आणि सेटिंग बदलायचा अधिकार त्याच्याकडे नसतो. परीक्षा सुरू होण्याआधी उमेदवाराला या दोन चौकटी दाखवाव्यात, दोन मिनिटांचं काम आहे.

कोल्हापूरला हे आता जास्त लागू आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं बसतंय, सहा जिल्ह्यांची प्रकरणं येतात. मजकूर इंग्रजी, जोडलेली कागदपत्रं मराठी, आणि टाईप करणारा दिवसभर दोन्हीकडे ये-जा करणारा. डावा आल्ट आणि शिफ्ट एकत्र पडले की विंडोज भाषा बदलतं. पासवर्ड बरोबर असून 'चुकीचा' येतोय? ठिपक्यांमागे देवनागरी असू शकतं. आधी कोपऱ्यातलं भाषेचं चिन्ह बघा.

(श्रोत्यांतून प्रश्न: लॅपटॉपवर काही अक्षरांच्या जागी आकडे येतात, ते काय?)

तो नम लॉक. लहान लॅपटॉपवर आकड्यांच्या वेगळ्या कळांना जागा नव्हती, म्हणून काही कंपन्यांनी आकडे अक्षरांच्याच कळांवर चढवले. 'जे', 'के', 'एल' वर १, २, ३ आणि 'यू', 'आय', 'ओ' वर ४, ५, ६. कळीच्या कोपऱ्यात ते बारीक छापलेले दिसतील. एफएन धरून नम लॉक दाबा, अक्षरं परत येतील. कीबोर्ड बदलायला मात्र जाऊ नका, पैसे फुकट जातील.