दोष कोणाचा? : एदेनची कथा आणि मराठीतील चिकित्सक वाचन

एदेन बागेच्या कथेचा रूढ अर्थ सर्वपरिचित आहे. आज्ञा देणारा परमेश्वर सत्, मोह घालणारा सर्प असत् आणि मोहाला वश होणारी हव्वा दोषी. यातले संहितेचे किती आणि परंपरेने तीवर लादलेले किती, असा प्रश्न केला की ही स्पष्ट विभागणी डळमळू लागते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सर्पाला कोठेही सैतान म्हटलेले नाही. ते समीकरण उत्तरकालीन आहे. फळ खाल त्या दिवशी मराल अशी ताकीद असूनही आदाम ९३० वर्षे जगतो. डोळे उघडतील हे सर्पाचे भाकीत मात्र खरे ठरते, आणि मनुष्य आपल्यासारखा झाला असे परमेश्वरच म्हणतो. आणखी एक तपशील सहसा दुर्लक्षित राहतो. आज्ञा आदामाला दिली जाते तेव्हा हव्वा निर्माणही झालेली नसते.

ही कथा मराठीत आली ती पुराणाच्या वेषात. फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. परंतु वाङ्मयप्रकार उसना घेतला की त्याच्यासोबत श्रोत्यांच्या अपेक्षाही येतात. पुराणश्रवणावर वाढलेल्या श्रोत्याला सर्प म्हणजे विष्णूची शय्या झालेला शेषही आठवणार. दैत्यकुळात प्रल्हाद जन्मतो, बळीसारखा दाता जन्मतो, हेही त्याला ठाऊक असणार. शब्दांच्या पातळीवर हा ताण अधिक उघड होतो. गोव्याच्या ख्रिस्ती परिभाषेत 'देवचार' म्हणजे सैतान. तळकोकणात आणि गोव्यातील हिंदू लोकधर्मात मात्र देवचार हा गावाची सीमा राखणारा राखणदार. एकाच शब्दाच्या ठिकाणी भय आणि आधार असे दोन्ही अर्थ वस्तीला राहिले.

एकोणिसाव्या शतकात या ताणाला वादाचे रूप आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी कृष्णादी दैवतांची परीक्षा त्यांच्या कथांमधील आचरणावरून केली. मोरभट दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' (१८३१) लिहून प्रत्युत्तर दिले. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी जाहीर वाद करीत होते. या वाङ्मयाकडे धर्माभिमानाचे साहित्य म्हणून पाहण्याची आपल्या वाङ्मयेतिहासाची सवय आहे. त्यात घडलेले वाचनविषयक परिवर्तन त्यामुळे नजरेआड होते. कथेतील देव हे एक पात्र आहे आणि पात्राचा न्याय त्याच्या कृतीवरून करावयाचा, हा निकष एकदा मान्य झाला की तो एकाच धर्माच्या ग्रंथापुरता रोखून धरता येत नाही. कृष्णाला जाब विचारणारा वाचक ज्ञानवृक्ष लावून ज्ञानाला मनाई करणाऱ्या परमेश्वरालाही जाब विचारू शकतो.

या निकषाचा सर्वांत मूलगामी वापर केला तो जोतीराव फुले यांनी. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) जोतीराव-धोंडीबा संवादातून दशावतारांची उलटतपासणी केली. तीन पावले मागणारा वामन तेथे कपटी आक्रमक ठरतो आणि पाताळात गाडलेला बळी प्रजाहितदक्ष राजा. येशूलाही फुले बळीच्याच परंपरेत बसवतात. दिवाळीच्या पाडव्याला बळीचे राज्य येवो म्हणणाऱ्या शेतकरी स्त्रियांच्या स्मृतीने जे जपले होते, त्याला फुल्यांनी चिकित्सेचे अधिष्ठान दिले. कथा जिंकणाऱ्याने सांगितलेली असते, म्हणून तिने ठरवलेला खलनायक निमूटपणे स्वीकारू नये, हे मराठीतील या वाचनपद्धतीचे मुख्य सूत्र होय.

तरीही केवळ उलटापालट पुरेशी नसते. देव आणि दैत्य यांनी जागा बदलल्या तरी न्यायासनाची आणि आरोपीची अशा दोन जागा शिल्लक राहतात, आणि एदेनच्या कथेतील तिसरे पात्र दोन्ही वाचनांत आरोपीच राहू शकते. देव दोषी की सर्प, या वादात हव्वेची बाजू ऐकली जात नाही. मराठीत या रिकाम्या जागेच्या सर्वांत जवळ पोहोचणारा ग्रंथ बायबलविषयी नाही. सुरतच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या अर्भकहत्येच्या खटल्यानंतर स्त्रीजातीवर जी दूषणे आली, त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) लिहिली. स्त्रियांच्या माथी मारलेले दुर्गुण पुरुषांत नाहीत काय, हा तिचा मुख्य सवाल. आणि तो करताना पुराणांतील देवांनाही त्यांनी सूट दिली नाही. सत्यशोधक वर्तुळातूनही या पुस्तकावर टीका झाली, तेव्हा फुल्यांनी 'सत्सार'मधून (१८८५) ताराबाईंची बाजू घेतली.

ताराबाई नवा खलनायक नेमून थांबत नाहीत. दोष ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हे त्या विचारतात. स्वतः न ऐकलेल्या आज्ञेच्या भंगासाठी शतकानुशतके दोषी ठरलेल्या हव्वेच्या वाचनालाही याच प्रश्नापासून आरंभ करावा लागेल.