चिनी कुटुंबांचे पिढीजात आठवणलेखन (मुंबई)

स्थलांतर करून मुंबईत स्थायिक झालेल्या चिनी घराण्याच्या दोन-तीन पिढ्यांची हकिगत घरातल्याच माणसाने लिहिणे, असा हा लेखनप्रकार. रे रोड, डॉकयार्ड रोड आणि माझगावचा गोदीपट्टा ही त्याची मूळ भूमी. दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातले खलाशी व गोदीकामगार येथे उतरले. त्यांच्यापैकी ‘सी यप’ या चार परगण्यांतल्या लोकांचे १९१९ मधले मंदिर माझगावला नवाब टँक रोडवर आजही आहे. तेथे क्वान कुंग या योद्धा-देवतेची पूजा होते. पुढच्या पिढ्या दंतवैद्यक, पादत्राणे, ब्युटी पार्लर आणि हॉटेल या धंद्यांत शिरल्या.

अशा कथनाचा सर्वांत अवघड भाग १९६२ चा असतो. त्या वर्षीच्या भारत-चीन युद्धाच्या सुमारास देशातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. कित्येक जण अनेक वर्षे तेथेच राहिले. त्यांतले बहुतेक आसाम, दार्जिलिंग, शिलाँग या भागांतले होते. छावणीबाहेर राहिलेल्यांवरही पोलिसांची नजर व प्रवासाचे निर्बंध होते. त्या वर्षांविषयी आईवडील मुलांशी बोलत नसत. अनेक कुटुंबे पुढे कॅनडा-अमेरिकेला गेली. त्यामुळे लिहायला बसणाऱ्या नातवंडांना घरातले मौन आधी ओलांडावे लागते. यिन मार्श यांनी तेराव्या वर्षी भोगलेल्या छावणीवासाची कहाणी स्वतः लिहिली. छावणीतच जन्मलेल्या जॉय मा यांनी मुंबईकर लेखक दिलीप डिसोझा यांच्यासह ‘द देवळीवालाज’ (२०२०) हे पुस्तक सिद्ध केले. त्यात छावणीतून सुटलेल्यांच्या कहाण्यांना इतिहासाच्या विवेचनाची जोड आहे. एकट्या स्मृतीवर विसंबण्यापेक्षा ही रीत अधिक भरवशाची.

मुंबईच्या घराण्यासाठी साधने विखुरलेली असतात: परदेशी नागरिक म्हणून केलेल्या नोंदणीची कागदपत्रे, दुकानाचे परवाने, लग्नाचे फोटो आणि अँटॉप हिलच्या चिनी दफनभूमीतल्या शिळा. चिनी रिवाजात शिळेवर मृताचे मूळ गावही कोरतात, म्हणून वंशावळीचा धागा तेथून सापडू शकतो. नावांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. चिनी माणूस आडनाव आधी लिहितो, आणि दप्तरात नोंद करताना कारकून त्यालाच नाव समजू शकतो. मग एकाच घरातले भाऊ कागदावर वेगळ्या कुळांचे दिसतात.

कागद नंतरही शोधता येतात. घरातल्या वृद्धांची साक्ष मात्र आधी, त्यांना येते त्या भाषेत, नोंदवून घ्यावी.