खाडीचा चिखल आणि बायांच्या हातातलं वल्हं

आपल्या सिपना नदीचं पाणी तापीत जातं आणि तापी सुरतेच्या पुढं समुद्राला मिळते. म्हणजे धारणीहून समुद्र कितीही लांब असला, तरी आपलं पाणी तिथं पोचतंच. आज त्या किनाऱ्यावरच्या एका जंगलाचा इतिहास सांगते.

या जंगलाला कांदळवन म्हणतात. नदी आणि समुद्र भेटतात तिथं, खाऱ्या चिखलात, तिवर आणि कांदळ ही झाडं उगवतात. तिवराची मुळं श्वास घ्यायला चिखलातून वर येतात, आणि त्याच्या पानांवर मिठाचा थर दिसतो. मासे आणि खेकड्यांची पिल्लं याच मुळांच्या आडोशानं वाढतात. लाटांचा मारा आधी ही झाडं झेलतात.

तरी कित्येक वर्षं लोकांनी या जागेला पडीक दलदल म्हटलं. झाडं तोडली, भराव टाकले, वर इमारती बांधल्या. पर्यावरणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं न्यायालयात दाद मागितली, तेव्हा ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यभर कांदळवनाची तोड थांबवली. 2012 मध्ये वनविभागात कांदळवनासाठी वेगळा कक्ष झाला. 2015 मध्ये ठाणे खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटर भाग रोहित पक्ष्यांचं अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

रोहित म्हणजे फ्लेमिंगो. लांब पायांचा, गुलाबी पंखांचा. पाण्यातलं शेवाळ आणि बारीक जीव खातो, त्यातूनच त्याला तो रंग येतो. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्यांचे थवे खाडीत असतात. ओहोटीला चिखल उघडा पडला, की माना खाली घालून चरतात. ऐरोलीहून वनविभागाच्या बोटीनं ते बघायला जाता येतं. 2022 मध्ये ही खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. आपल्या वऱ्हाडातलं लोणार सरोवर त्या यादीत 2020 मध्येच गेलं होतं.

पण नुसत्या बंदीनं चूल पेटत नाही. जंगल राखायचं तर जंगलाशेजारच्या माणसानं खायचं काय? मेळघाटात 1974 मध्ये व्याघ्र प्रकल्प आला, तेव्हापासून हा प्रश्न आपल्या दारात उभा आहे.

किनाऱ्यावर त्याचं एक उत्तर 2017 मध्ये निघालं. शासनानं कांदळवन संरक्षण आणि उपजीविकेची योजना आणली. खेकडापालन, कालवपालन, निसर्ग पर्यटन असे धंदे त्यात आहेत. गटानं केलं तर खर्चाचे 90 टक्के शासन देतं, 10 टक्के गटानं घालायचे.

त्याच वर्षी सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत, स्वामिनी बचत गटानं कांदळवन सफर सुरू केली. या बाया मच्छीमार घरातल्या. खाडी त्यांना लहानपणापासून ठाऊक, पण झाडांची आणि पक्ष्यांची माहिती पाहुण्यांना कशी सांगायची, हे त्या प्रशिक्षण घेऊन शिकल्या. होडीत पाहुणे बसतात, वल्हं बायांच्या हातात असतं. खंड्या कुठं बसतो, बगळा कुठं उभा राहतो, कोणत्या झाडाची मुळं कशी, हे त्या सांगतात. झाड उभं राहिलं तर पाहुणा येतो, आणि पाहुणा आला तर गटाच्या खात्यात पैसा येतो. मग ते झाड कोणी तोडायला आलं, तर पहिली हरकत कोण घेईल, सांगा बरं?

मैत्रिणींनो, आपल्या सेमाडोह-कोलकासलाही पाहुणे येतात. पक्षी, पानं, रानभाज्या आपल्या बायांना नावानिशी माहीत आहेत. हे ज्ञान भांडवलच आहे, ते फक्त पासबुकात दिसत नाही. पुढच्या मासिक बैठकीत एवढंच विचारा: जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्याचा किती रुपया आपल्या गावात थांबतो, आणि त्यातला किती बायांच्या हातात येतो? उत्तर रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. गटाचं काम तिथूनच सुरू होईल.