काँग्रिगेशनल चर्च आणि त्याचे प्रादेशिक संघ

काँग्रिगेशनल चर्च : प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील एक शाखा. प्रत्येक स्थानिक मंडळी ही स्वतःच पूर्ण चर्च असून तिच्यावर ख्रिस्ताखेरीज कोणाचीही सत्ता नाही, हे या शाखेचे मूळ तत्त्व. पाळक निवडणे व त्याला निरोप देणे, सभासद घेणे, शिस्त लावणे, मिळकत सांभाळणे हे सारे मंडळीची सभा मताने ठरवते. एपिस्कोपल पद्धतीत हाच अधिकार बिशपांकडे आणि प्रेसबिटेरियन पद्धतीत पाळक-वडिलांच्या एकीवर एक अशा सभांकडे असतो.

तत्त्व सुटसुटीत असले तरी ते निभावणे सोपे गेले नाही. एकट्यादुकट्या मंडळीला पाळक शिकवून तयार करता येत नाही. आपसांत फाटले की मध्यस्थी करायला कोणी नसते आणि गरीब मंडळीला पाळकाचा पगारही झेपत नाही. म्हणून मंडळ्यांनी संघ बांधले. संघ झाला की त्याने नुसता सल्ला द्यायचा की हुकूमही करायचा, हा वाद उभा राहिला. या शाखेचा सुमारे चारशे वर्षांचा इतिहास बराचसा या एका वादाचा आहे.

उगम : पहिल्या एलिझाबेथच्या काळात इंग्लंडमधील राजमान्य चर्चमध्ये पुरेशी सुधारणा होत नाही म्हणून काही जण बाहेर पडले. त्यांपैकी रॉबर्ट ब्राउन याने १५८१ च्या सुमारास नॉरिच येथे स्वतंत्र मंडळी स्थापली. राजसत्तेची वाट न पाहता सुधारणा करावी, असे सांगणारी त्याची पुस्तिका १५८२ मध्ये हॉलंडमधील मिडलबर्ग येथे छापली गेली. ब्राउन पुढे राजमान्य चर्चमध्ये परतला, तिथे अनेक वर्षे पाळक राहिला आणि म्हातारपणी एका शिपायाला मारल्यावरून तुरुंगात पडून वारला. ज्या माणसावरून विरोधक या पंथाला ‘ब्राउनिस्ट’ म्हणून हिणवत, त्याचा हा शेवट अनुयायांना फारसा अभिमानाचा वाटला नाही. किंमत मोजली ती इतरांनी. हेन्री बॅरो व जॉन ग्रीनवुड यांना एप्रिल १५९३ मध्ये आणि जॉन पेन्री याला त्याच वर्षी मे महिन्यात फाशी झाली. स्क्रूबी गावची मंडळी हॉलंडला निघून गेली, १६०९ मध्ये लायडन शहरी स्थिरावली आणि तिच्यातील काही जण १६२० मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने अमेरिकेत प्लिमथला उतरले.

न्यू इंग्लंड : मंडळ्यांचे परस्परांशी नाते कसे असावे, याचा पहिला धडा १६२९ मध्ये सेलम येथे दिसतो. तिथल्या नव्या मंडळीने आपले पाळक आपणच निवडले आणि आपणच त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांना दीक्षा दिली. प्लिमथच्या मंडळीला बोलावणे होते, पण गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड व त्यांचे सोबती उलट्या वाऱ्यामुळे उशिरा पोचले. आल्यावर त्यांनी सहभागितेचा उजवा हात पुढे केला. दीक्षेला शेजारची मंडळी साक्षीला यावी, पण तिच्यावाचून दीक्षा अडू नये, हा संकेत तिथून पडला.

पुढे मंडळ्या वाढल्या, तशी नियमांची गरज भासली. १६४८ मध्ये मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे सिनॉडने, ‘केंब्रिज प्लॅटफॉर्म’ हा जाहीरनामा संमत केला; त्याचा मसुदा मुख्यतः रिचर्ड मॅदर यांचा. त्यात म्हटले आहे की सिनॉडने वाद ऐकावा, शास्त्राधारे मत द्यावे, चूक दाखवावी. पण कोणाला बहिष्कृत करू नये. ती सत्ता स्थानिक मंडळीचीच. इंग्लंडमध्ये दहा वर्षांनी, १६५८ मध्ये, लंडनच्या सॅव्हॉय वाड्यात जमलेल्या प्रतिनिधींनीही जवळपास हीच भूमिका घेतली.

एखाद्या प्रसंगापुरत्या जमणाऱ्या सल्ला-मंडळाला ‘कौन्सिल’ म्हणत आणि त्याची रीत ठरलेली होती. मंडळी, किंवा भांडणातले दोन्ही पक्ष मिळून, निवडक मंडळ्यांना पत्रे पाठवीत. प्रत्येक मंडळी आपला पाळक आणि एखादा सभासद धाडी. कौन्सिल बसे, दोन्ही बाजू ऐके, निकाल लिहून देई आणि विसर्जित होई. निकाल मानायचा की नाही हे मंडळीने ठरवायचे. कायमची कचेरी नाही, कायमचा अध्यक्ष नाही. तरीही कोणत्या मंडळ्यांना बोलवायचे यावर बहुतेक वेळा निकाल ठरे, हे त्या काळच्या लोकांना पक्के ठाऊक होते. नॉर्थॅम्प्टन येथील जोनाथन एडवर्ड्स यांच्या प्रकरणात ते उघडच झाले. अमेरिकेतील आघाडीच्या ईश्वरविद्यापंडितांत गणल्या जाणाऱ्या या पाळकाने प्रभुभोजनाला कोणाला बसू द्यावे याचे नियम कडक केले. आधीची सैल रीत त्यांच्याच आजोबांनी, सॉलोमन स्टॉडर्ड यांनी, पाडलेली; आसपासचे बहुतेक पाळक तिच्याच बाजूचे. म्हणून एडवर्ड्स यांनी परगण्याबाहेरच्या मंडळ्याही हव्यात असा आग्रह धरला आणि बऱ्याच घासाघिशीनंतर त्यांना तशा दोन मंडळ्या मिळाल्या. जून १७५० मध्ये कौन्सिलने अवघ्या एका मताच्या फरकाने त्यांना निरोप द्यावा असे ठरवले. मंडळीत मत घेतले तेव्हा दोनशेहून अधिक सभासद विरुद्ध गेले. बाजूने अवघे २३.

कायमचे संघ हवेत अशी मागणी याच्या आधीच सुरू झाली होती. कनेटिकटमध्ये १७०८ च्या ‘सेब्रुक प्लॅटफॉर्म’ने परगणावार मंडळ्यांचे ‘कन्सोसिएशन’ आणि पाळकांचे वेगळे ‘असोसिएशन’ असे दोन संघ उभे केले. कन्सोसिएशनचा निकाल बंधनकारक. न मानणाऱ्या मंडळीशी इतरांनी संबंध तोडायचे. फेअरफील्ड परगण्याने हा करार कडकपणे लावला, न्यू हेवन परगण्याने मात्र त्याचा मवाळ अर्थ लावून घेतला. एकाच कलमाचे शेजारच्या दोन परगण्यांत दोन अर्थ, हे या शाखेच्या स्वभावाला धरूनच झाले. मॅसॅच्युसेट्समध्ये १७०५ साली असाच प्रस्ताव आला तेव्हा इप्सविचचे पाळक जॉन वाइज यांनी तो उपहासाच्या धारेवर धरला. मंडळीचा कारभार लोकशाहीनेच चालावा, असे त्यांनी १७१७ च्या पुस्तकात निसर्गसिद्ध हक्कांच्या आधारे मांडले. अमेरिकन क्रांतीच्या तोंडावर, १७७२ मध्ये, त्यांची पुस्तके पुन्हा छापली गेली, ती चर्चपेक्षा राजकारणासाठी.

दरम्यान या ‘स्वतंत्र’ मंडळ्या न्यू इंग्लंडमध्ये सरकारमान्य होत्या आणि त्यांचा खर्च करातून चाले, ही विसंगती नजरेआड करता येत नाही. कनेटिकटमध्ये ही व्यवस्था १८१८ मध्ये आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८३३ मध्ये संपली. त्याआधी १८२० च्या डेडम खटल्यात न्यायालयाने पाळक निवडण्याचा व मिळकतीचा हक्क श्रद्धा कबूल केलेल्या सभासदांऐवजी गावच्या करदात्या पॅरिशकडे दिला. त्या निकालामुळे अनेक जुनी देवळे त्रैक्य नाकारणाऱ्या युनिटेरियन मताकडे गेली.

पश्चिमेकडे वस्ती सरकू लागली तेव्हा कनेटिकटच्या सर्वसाधारण असोसिएशनने १८०१ मध्ये प्रेसबिटेरियनांशी ‘प्लॅन ऑफ युनियन’ हा करार केला. भावना बंधुत्वाची होती, पण हिशेब एकतर्फी ठरला. प्रेसबिटेरियनांकडे तयार संघटना होती, यांच्याकडे नव्हती, आणि न्यूयॉर्क-ओहायोकडच्या कितीतरी मंडळ्या त्यांच्याकडे वळल्या. १८५२ च्या ऑल्बनी परिषदेने करार मोडला. त्यानंतर राज्यवार परिषदा बळावल्या; १८६५ मध्ये बॉस्टनला राष्ट्रीय कौन्सिल भरले आणि १८७१ पासून ओबरलिन येथील बैठकीने ते नियमित झाले.

इंग्लंडमधील काउंटी युनियन : १६६२ च्या कायद्याने राजमान्य चर्चबाहेर पडलेल्या मंडळ्या दीड शतक विखुरलेल्या राहिल्या. त्यांना बांधले ते काउंटी युनियनांनी. लँकेशायरची युनियन १८०६ ची. खेड्यांत प्रचारक पाठवणे आणि दुबळ्या मंडळ्यांना वर्गणीतून मदत करणे हे त्यांचे काम. राष्ट्रीय पातळीवर काँग्रिगेशनल युनियन ऑफ इंग्लंड अँड वेल्स १८३१-३२ मध्ये झाली, तीही मंडळ्यांच्या स्वातंत्र्याला हात लावणार नाही असे आधीच लिहून देऊन. स्कॉटलंडची युनियन त्याहून जुनी, १८१२ ची. वेल्श भाषिकांची १८७२ ची.

कागदावर सल्लागार असलेल्या या संघांना खरे वजन आले ते पैशामुळे, असे म्हणावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी बोर्नमथचे जे. डी. जोन्स यांच्या पुढाकाराने पाळकांच्या किमान वेतनासाठी मध्यवर्ती निधी उभा राहिला. निधी आला की तो कोणाला द्यायचा, त्या पाळकाची पात्रता काय, हे प्रश्न आले. १९१९ मध्ये देशाचे नऊ प्रांत पाडून प्रत्येकावर मॉडरेटर नेमला गेला. ही तर मागच्या दाराने आलेली बिशपशाही, अशी टीका तेव्हा झाली. मात्र स्थानिक मंडळी स्वतंत्र असण्याचा फायदाही याच परंपरेत दिसतो. वरच्या सत्तेची संमती लागत नसल्याने अमेरिकेत अँटॉनेट ब्राउन यांना १८५३ मध्ये आणि इंग्लंडमध्ये कॉन्स्टन्स कोल्टमन यांना १९१७ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळू शकली. बहुतेक मोठ्या चर्चांत स्त्रियांना ती मिळायला आणखी कित्येक दशके जावी लागली.

अमेरिकन मराठी मिशन : महाराष्ट्राशी या शाखेचे नाते एका प्रादेशिक संघातूनच जुळले. जून १८१० मध्ये ब्रॅडफर्ड गावी मॅसॅच्युसेट्सच्या सर्वसाधारण असोसिएशनची सभा भरली असता अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातील काही विद्यार्थ्यांनी आम्हाला परदेशी पाठवा असा अर्ज केला आणि त्यातून ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनसंस्था जन्मली. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना परत धाडण्याचा घाट घातला होता, पण ते टिकले. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे झाले आणि तेच या मिशनचे मुख्य केंद्र बनले. मिशनच्या सिंथिया फरार यांची नगरची मुलींची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच निघाले.

मंडळी स्वतंत्र, पण पाळक मिशनचा पगारी नोकर, हे दुखणे इथे ठळक दिसले. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन मंडळ्या स्वावलंबी व स्वशासित व्हाव्यात अशा मताचे होते. १८५४ मध्ये ते स्वतः हिंदुस्थानात आले. त्याच वर्षी हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत विनायक मोडक यांना नगरच्या दोन मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मराठी मंडळ्यांच्या संघाला ‘ऐक्य’ म्हणत; त्याच्या सभांना खेड्यापाड्यांतून पाळक आणि सभासद येत. तरी पैशाच्या चाव्या दीर्घकाळ मिशनऱ्यांच्याच हाती राहिल्या. याच मिशनमध्ये आयुष्य घालवलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये तिची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. मिशनच्या चौकटीबाहेरची भारतीय मंडळी त्यांना हवी होती, आणि काँग्रिगेशनल तत्त्व इतक्या गांभीर्याने क्वचितच कोणी घेतले असेल.

विलीनीकरणे : विसाव्या शतकात ही शाखा जागोजागी संयुक्त चर्चांत मिसळली. कॅनडात १९२५, दक्षिण भारतात आधी १९०८ आणि मग चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये १९४७, ऑस्ट्रेलियात १९७७. इंग्लंडमध्ये १९७२ साली बहुसंख्य मंडळ्या प्रेसबिटेरियनांसह युनायटेड रिफॉर्म्ड चर्चमध्ये गेल्या. न गेलेल्यांपैकी अनेकांनी काँग्रिगेशनल फेडरेशन काढले. अमेरिकेत मात्र प्रकरण कोर्टात गेले. राष्ट्रीय कौन्सिलला सर्व मंडळ्यांच्या वतीने दुसऱ्या चर्चशी विलीन होण्याचा अधिकारच नाही, असा दावा ब्रुकलिनच्या कॅडमन मेमोरियल मंडळीने लावला. १९५० मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला, पण अपिलात फिरला आणि १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयाने विलीनीकरणाची वाट मोकळी केली. जून १९५७ मध्ये क्लीव्हलँड येथे युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट स्थापन झाले. विरोधकांनी १९५५ मध्येच आपली नॅशनल असोसिएशन काढली होती. गंमत अशी की जिंकलेल्या पक्षाने नव्या चर्चच्या घटनेतही स्थानिक मंडळीची स्वायत्तता लिहून ठेवली, आणि दीक्षेचा अधिकार आजही जिल्हापातळीवरच्या असोसिएशनकडेच आहे.

मराठी मंडळ्या १९२४ मध्ये प्रेसबिटेरियनांबरोबर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये सामील झाल्या. नगरचे रॉबर्ट ह्यूम हे या ऐक्याचे पुरस्कर्ते होते. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा हे युनायटेड चर्चही त्यात विलीन झाले, आणि नगर परिसरातील जुन्या काँग्रिगेशनल मंडळ्या नाशिकच्या बिशपांच्या धर्मप्रांतात मोडू लागल्या.